विझून सांगणारा उजेड

१५६५ साली स्पेनमधल्या सेव्हिल शहरात निकोलस मोनार्देस नावाच्या वैद्याने एक पुस्तक प्रसिद्ध केले. विषय होता अमेरिकेतून येणारी औषधे. मोनार्देस स्वतः कधी अमेरिकेला गेला नाही. त्याला गरजही पडली नाही, कारण मेक्सिको आणि पेरूहून येणारी गलबते सेव्हिललाच लागत. त्यांतून उतरणाऱ्या साली, मुळ्या, डिंक आणि बिया तो खलाशांना, व्यापाऱ्यांना विचारून नोंदवून ठेवी आणि आपल्या रोग्यांवर वापरून पाही. त्यात मूत्रपिंडाच्या विकारांवर दिले जाणारे एक लाकूड होते. त्याच्या पातळ ढलप्या झऱ्याच्या स्वच्छ पाण्यात टाकायच्या आणि थांबायचे. अर्ध्या तासात पाण्याला निळी झाक येऊ लागे आणि वेळ जाईल तशी ती गडद होई. या लाकडाला मागणी इतकी, की त्याच्या नावाखाली भलतेच लाकूड विकले जाऊ लागले. मोनार्देसने खऱ्याची खूण सांगितली ती हीच: पाणी निळे झाले तर माल अस्सल.

वनस्पतीतून आलेला उजेड तपासणीसाठी वापरल्याची ही फार जुनी नोंद आहे. आज संत्र्याचा रस, कोथिंबीर किंवा पपनसाची साल बंद भांड्यात तापवून काही नॅनोमीटर आकाराचे चमकणारे कण तयार करतात. त्यांना कार्बन डॉट्स म्हणतात. ते जिवंत पेशीत सोडून पेशीचे चित्र घेता येते आणि पाण्यातला पारा किंवा लोखंडही त्यांच्यामुळे ओळखता येते. या कणांचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण २००४ सालापासून सुरुवात करतात. मला ती सुरुवात फार उशिराची वाटते. उजेडाने काहीतरी ओळखायचे, आणि त्याहून जास्त म्हणजे उजेड विझला की काहीतरी ओळखायचे, ही रीत वनस्पतींच्याच आधाराने चार शतकांत घडत गेली. कार्बन डॉट्स त्या रीतीचे अगदी अलीकडचे वारस आहेत.

मोनार्देसच्या आधी दोन वर्षे, १५६३ साली, गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला होता. कारोलुस क्लुसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या दोघांचीही पुस्तके लॅटिनमध्ये आणली, ओर्ताचे १५६७ मध्ये आणि मोनार्देसचे १५७४ मध्ये. त्यामुळे गोव्यातले ज्ञान आणि मेक्सिकोतले लाकूड युरोपभरच्या अभ्यासकांच्या टेबलावर जवळजवळ एकदमच पोहोचले. मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांना हे लाकूड आणि त्याचे निळे पाणी अर्थातच आधीपासून ठाऊक होते. बेर्नार्दिनो द साआगुन या पाद्र्याने त्यांच्याकडून ऐकलेले वर्णन लिहून ठेवले आहे.

पुढच्या शतकात रोममधला जेझुइट पंडित अथानासिउस किर्शर याला मेक्सिकोच्या जेझुइटांकडून याच लाकडाचा म्हणून एक पेला मिळाला. त्यात पाणी ओतले की ते निळे दिसे. १६४६ च्या आपल्या प्रकाशावरच्या ग्रंथात त्याने त्याचे वर्णन केले आणि तो पेला पवित्र रोमन सम्राटाला भेट दिला. मोनार्देसच्या ढलप्या एका लहानशा झाडाच्या होत्या, मग एवढा पेला कोरता येईल असे लाकूड आले कुठून, हा गोंधळ पुढे बराच काळ टिकला. १९१५ साली विल्यम सॅफर्ड या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने तो सोडवला. लाकडे दोन होती. ढलप्या मेक्सिकोतल्या आयझेनहार्टिया या झाडाच्या होत्या. पेले मात्र फिलिपीन्समधल्या नारा वृक्षाचे होते आणि मनिलाहून निघणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून ते मेक्सिकोला पोहोचत.

नारा हा टेरोकार्पस कुळीतला वृक्ष आहे, आणि त्याचा सख्खा भाऊबंद आपल्याकडे आहे: बिवळा. बिवळ्याच्या लाकडाचा पेला रात्री पाण्याने भरून ठेवायचा आणि सकाळी ते पाणी मधुमेहावर म्हणून प्यायचे, ही चाल महाराष्ट्रात अजून आहे. तिच्या औषधी गुणाबद्दल मी इथे बोलत नाही. पण ज्यांच्या घरी असा पेला असेल त्यांनी ते पाणी काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरावे आणि मागे काळे कापड ठेवावे. आरपार पाहिले तर पाणी पिवळसर तपकिरी दिसते. सूर्य पाठीशी घेऊन पाहिले की त्याच पाण्यात निळसर झाक उठते. किर्शरला जे दिसले तेच हे.

रॉबर्ट बॉइलने हा खेळ शास्त्राच्या पातळीवर नेला. १६६४ साली लंडनमध्ये निघालेल्या त्याच्या रंगांवरच्या पुस्तकात या लाकडावरचे प्रयोग आहेत. बाटली खिडकी आणि डोळा यांच्या मध्ये धरली तर पाणी सोनेरी दिसते, पाठ खिडकीकडे केली तर निळे. इथपर्यंत निरीक्षण झाले. पुढे त्याने त्या पाण्यात आम्लाचे थोडे थेंब टाकले, आणि निळा रंग नाहीसा झाला. सोनेरी तेवढा राहिला. मग त्याने अल्क टाकला, तर निळा रंग परत आला. बॉइलच्या लगेच लक्षात आले की एखाद्या द्रवात आम्ल आहे की नाही हे ओळखायचे साधन आपल्या हाती लागले आहे. उजेड विझणे हा दोष नसून ती माहिती आहे, ही समज मला इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते. पुढचा सगळा इतिहास याच समजेवर उभा आहे.

त्या निळ्या उजेडामागचे रेणू कोणते, हे कळायला २००९ साल उजाडले. उलिसेस अकुन्या आणि त्यांच्या स्पॅनिश सहकाऱ्यांनी दाखवले की लाकडात ते चमकणारे द्रव्य मुळात नसतेच. लाकडात असते ते एक न चमकणारे संयुग. किंचित अल्कधर्मी पाण्यात हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची आपोआप अभिक्रिया होते आणि नवे द्रव्य बनते. त्याचे नाव त्यांनी मॅटलालिन ठेवले. शोषलेला जवळजवळ सगळा प्रकाश ते परत देते. मोनार्देसने सांगितलेला अर्धा तास हा हे द्रव्य तयार होण्याचा वेळ होता. वनस्पतीतला पदार्थ घ्यायचा, पाण्यात ठेवायचा, आणि मुळात नसलेला उजेड तयार होऊ द्यायचा. कृती म्हणून ही आजच्या कार्बन डॉट्सच्या फार जवळची आहे.

बॉइलनंतर दीडशे वर्षे या विषयात फारसे काही घडले नाही. ती कोंडी फुटली पॅरिसमध्ये. पिएर पेल्तिए आणि जोझेफ काव्हांतू या दोन औषधशास्त्रज्ञांनी वनस्पतींमधली गुणकारी द्रव्ये एकेक करून शुद्ध रूपात वेगळी काढायला सुरुवात केली होती. पानांतल्या हिरव्या द्रव्याला क्लोरोफिल हे नाव त्यांनीच दिले. १८२० साली त्यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडचे कोयनेल. हिवतापावरचे औषध म्हणून त्याचा इतिहास सर्वांना माहीत आहे. त्याचा उजेडाचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही.

डेव्हिड ब्रूस्टरने १८३३ साली हिरव्या पानांच्या मद्यार्कातल्या अर्कातून सूर्यप्रकाशाचा झोत सोडला आणि बाजूने पाहिले, तर हिरव्या द्रवात झोताची वाट रक्तासारखी लाल दिसत होती. १८४५ साली जॉन हर्शेलने क्विनीन सल्फेटच्या पाण्यासारख्या स्वच्छ द्रावणाच्या पृष्ठभागाला आकाशी निळा रंग चढलेला पाहिला. दोघांनी आपापल्या परीने स्पष्टीकरणे दिली आणि दोन्ही चुकली. प्रकाश कणांवर आपटून विखुरतो, असे ब्रूस्टर म्हणत राहिला. हर्शेलला वाटले की द्रवाच्या पृष्ठभागातच काही विशेष आहे.

केंब्रिजमध्ये जॉर्ज गेब्रिएल स्टोक्सने हा प्रश्न हातात घेतला तेव्हा तो गणिताचा प्राध्यापक होता. त्याने अंधाऱ्या खोलीत फटीतून सूर्यप्रकाश घेतला आणि लोलकातून त्याचा पट्टा पाडला. मग क्विनीनच्या द्रावणाने भरलेली परीक्षानळी त्या पट्ट्यातून लालकडून जांभळ्याकडे हळूहळू सरकवत नेली. लाल, पिवळा, हिरवा या भागांत काहीच घडले नाही. जांभळ्याच्या टोकाशी नळीत फिकट निळा उजेड चमकला. स्टोक्सने नळी तशीच पुढे नेली, जिथे डोळ्याला रंगाचा पट्टा संपलेला होता आणि खोलीत नुसता काळोख होता. निळा उजेड तिथेही तेवत राहिला. डोळ्याला न दिसणारा प्रकाश द्रावणात शिरत होता आणि दिसणारा होऊन बाहेर पडत होता. १८५२ सालच्या दीर्घ निबंधात स्टोक्सने हे मांडले: बाहेर पडणारा प्रकाश आत गेलेल्या प्रकाशाहून नेहमी स्पेक्ट्रमच्या लाल टोकाकडे सरकलेला असतो. या घटनेला त्याने फ्लुओरेसन्स हे नाव दिले. त्याने क्लोरोफिलचा लाल उजेडही तपासला आणि तोही याच प्रकारचा ठरवला. प्रकाशाच्या बाजूला निळी काच आणि डोळ्याच्या बाजूला पिवळी काच धरून पाहण्याची युक्तीही त्याचीच. आजच्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकातले दोन फिल्टर याच तत्त्वावर काम करतात.

स्टोक्सचे एक काम मात्र कमी लोकांना माहीत आहे, आणि या लेखापुरते तेच मला सर्वात मोलाचे वाटते. गंधकाम्लात चमकणारे क्विनीन मिठाच्या आम्लात चमकत नाही. चमकणाऱ्या द्रावणात साधे मीठ टाकले तरी उजेड मंदावतो. १८६९ साली स्टोक्सने यावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले. या विझण्याचे कारण पुढे समजले. क्विनीनचा रेणू अतिनील प्रकाश शोषतो आणि तो परत टाकण्यापूर्वी सुमारे २० नॅनोसेकंद उत्तेजित अवस्थेत राहतो. तेवढ्यात क्लोराइडचा आयन येऊन त्याला धडकला तर ती ऊर्जा उष्णता म्हणून निघून जाते आणि उजेड पडतच नाही. क्लोराइड जितके जास्त तितक्या धडका जास्त, आणि उजेड तितका कमी. म्हणजे उजेड मोजला की क्लोराइड मोजता येते.

याच सुमारास, १८६०च्या दशकात, बाझलच्या फ्रीड्रिख गोपेल्सरोडरने उलट्या बाजूचा प्रयोग केला. फस्टिक या रंगाच्या लाकडातून मिळणारे मोरिन हे पिवळे द्रव्य ॲल्युमिनियमशी जोडले गेले की तेज हिरवे चमकू लागते, असे त्याला दिसले, आणि त्यावरून त्याने ॲल्युमिनियम ओळखण्याची पद्धत बसवली. फ्लुओरेसन्स वापरून धातू ओळखण्याची ही पहिली रीत मानली जाते. हेच मोरिन आपल्या फणसाच्या लाकडाच्या पिवळ्या गाभ्यातही असते.

सिंकोना हिंदुस्थानात आला तो औषधासाठी. १८६०च्या दशकात निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे त्याचे मळे उभे राहिले. महाबळेश्वरला लिंगमळ्याजवळही सरकारने तो लावून पाहिला, पण तिथे तो धरला नाही. जगाचे कोयनेल शेवटी जावा बेटातूनच येऊ लागले, आणि १९४२ साली जपानने जावा घेतल्यावर दोस्त राष्ट्रांचा पुरवठा तुटला. हिवतापाच्या जंगलांत लढणाऱ्या सैनिकांना ॲटाब्रिन हे कृत्रिम औषध द्यावे लागले. ते किती द्यायचे हे नीट माहीत नव्हते, आणि रक्तात किती राहते ते मोजल्याशिवाय कळणारही नव्हते. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयात बर्नार्ड ब्रॉडी आणि सिडनी युडेनफ्रेंड यांनी ते उजेडाने मोजले. १९४३ साली त्यांनी रक्तातल्या ॲटाब्रिनची आणि क्विनीनची फ्लुओरेसन्सवर आधारलेली मोजणी प्रसिद्ध केली. युद्धानंतर बेथेस्डामध्ये रॉबर्ट बोमनने या कामातून यंत्र घडवले. त्यात आत जाणारा आणि बाहेर येणारा, दोन्ही प्रकाश हव्या त्या रंगावर लावता येत. १९५०च्या दशकात ते बाजारात आले आणि फ्लुओरेसन्स मोजणे हे जगभरच्या प्रयोगशाळांतले रोजचे काम झाले.

अशा यंत्रांना मापदंड लागतो. दोन प्रयोगशाळांतल्या दोन पदार्थांपैकी जास्त कोण चमकतो, हे ठरवायला दोघांनाही मान्य असलेला तिसरा पदार्थ हवा. १९६१ साली न्यूझीलंडच्या मेलह्यूशने क्विनीनचा उजेड काळजीपूर्वक मोजला, आणि गंधकाम्लातले क्विनीन सल्फेट हा मापदंड रूढ झाला. त्याची क्वांटम यील्ड सुमारे ५४ टक्के धरतात. शोषलेल्या १०० फोटॉनांपैकी ५४ परत येतात, असा त्याचा अर्थ.

पेशीच्या आत उजेड नेण्याची धडपड दुसऱ्या वाटेने चालू होती. १९१०च्या सुमारास व्हिएन्ना आणि येना इथे पहिले फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक तयार झाले, आणि १९१४ साली स्टानिस्लाउस फोन प्रोवाझेकने चमकणारे रंग जिवंत पेशींत सोडून पाहिले. दारुहळदीतले बर्बेरीनही पेशींच्या अभ्यासात आले. १९७४ साली स्वीडनच्या एनेरबेकने त्याने मास्ट पेशींमधले हेपारिन ओळखले. पण मला थांबावेसे वाटते ते १९८७ सालापाशी. कॅलिफोर्नियात निकोलस इल्सली आणि ॲलन व्हर्कमन यांनी एसपीक्यू नावाचे द्रव्य वापरून पेशीच्या आवरणातून होणारी क्लोराइडची ये-जा मोजली. एसपीक्यूच्या गाभ्याला मेथॉक्सी-क्विनोलिन आहे, आणि क्विनीनच्या ज्या भागातून उजेड येतो तो भाग हाच. विझण्याचे तत्त्वही स्टोक्सचेच. तीनच वर्षांनी, १९९० साली, सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या श्वासनलिकेतल्या पेशींत निरोगी जनुक घातल्यावर क्लोराइडचा बंद पडलेला मार्ग पुन्हा उघडतो, हे याच द्रव्याने पेशी सूक्ष्मदर्शकाखाली असताना दाखवले गेले. सिंकोनाच्या सालीतला उजेड मिठाने विझतो, हे केंब्रिजमधले निरीक्षण एका जीवघेण्या आजाराच्या समजुतीपर्यंत पोहोचायला १२१ वर्षे लागली.

आता नॅनोकणांकडे. १९९८ साली सायन्स या नियतकालिकात दोन गटांनी दाखवले की कॅडमियम सेलेनाइडचे स्फटिकी कण, म्हणजे क्वांटम डॉट्स, पेशींना लेबल म्हणून लावता येतात. ते रंगद्रव्यांपेक्षा प्रखर आणि टिकाऊ होते, आणि आकार बदलला की रंग बदलत. अडचण होती कॅडमियमची. २००४ साली सान दिएगोमध्ये संगीता भाटिया यांच्या गटाने यकृताच्या पेशींवर प्रयोग करून दाखवले की या कणांचा पृष्ठभाग ऑक्सिडाइझ झाला की कॅडमियमचे आयन सुटतात आणि पेशी मरतात.

त्याच वर्षी साउथ कॅरोलायना विद्यापीठात वॉल्टर स्क्रिव्हन्स यांचा गट काजळी साफ करत होता. त्यांना हव्या होत्या कार्बनच्या नळ्या. विजेच्या ठिणगीतून मिळालेली काजळी त्यांनी नायट्रिक आम्लाने धुतली, अल्कात विरघळवली आणि वेगळे होण्यासाठी जेलमधून धावू दिली. तेव्हा जेलमध्ये नळ्यांच्या पुढे पळणारा, अपेक्षित नसलेला एक भाग दिसला. अतिनील दिव्याखाली तो चमकत होता, आणि आकाराप्रमाणे वेगळा केल्यावर त्यात निळसर हिरवा, पिवळा, नारिंगी असे रंग निघाले. कार्बनचे बारीक कण चमकतात, ही गोष्ट अशी नळ्यांच्या शोधात सापडली. २००६ साली जवळच्याच क्लेमसन विद्यापीठात या-पिंग सुन यांनी लेझरने कार्बन उडवून असे कण केले, त्यांच्या पृष्ठभागावर पॉलिमरचा थर चढवून त्यांची चमक वाढवली आणि त्यांना कार्बन डॉट्स म्हटले. पुढच्या वर्षी ते स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत घालून त्यांची चित्रेही घेतली. पण लेझर आणि विजेच्या ठिणग्या सगळ्यांच्या आवाक्यातल्या नव्हत्या.

२०१२ साली हे काम स्वस्त झाले, आणि त्यात ओडिशाचा वाटा मोठा आहे. राउरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या सस्मिता महापात्रा आणि खरगपूर आयआयटीतले तपस मैती यांच्या गटांनी संत्र्याच्या रसापासून कार्बन डॉट्स केले. गाळलेला रस आणि मद्यार्क एकत्र करून टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी भांड्यात बंद करायचा आणि १२० अंश सेल्सियसला १५० मिनिटे ठेवायचा. शिटी होण्याच्या बेतात असलेल्या प्रेशर कुकरमध्ये साधारण तेवढेच तापमान असते. रसातली साखर, सायट्रिक आम्ल आणि क जीवनसत्त्व यांचे पाणी निघून जाते, उरलेले रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कार्बनचे गुठळीवजा कण होतात. बाहेर येतो तो गडद तपकिरी द्रव. त्यातली नको असलेली सेंद्रिय द्रव्ये वेगळ्या द्रावकाने काढून टाकतात, कमी चमकणारा जड गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवतात आणि वरच्या भागात ॲसिटोन घालून बारीक कण मिळवतात. दीड ते साडेचार नॅनोमीटरचे हे कण पाण्यात सहज मिसळतात. हाडांच्या कर्करोगाच्या पेशींनी ते आत घेतले आणि पेशी जगल्या. त्यांची क्वांटम यील्ड २६ टक्के भरली.

असे आकडे बहुतेक प्रयोगशाळांत क्विनीन सल्फेटशी तुलना करून काढतात. निळ्या उजेडाच्या कार्बन डॉट्ससाठी आजही सर्रास तोच मापदंड वापरला जातो. एका झाडाच्या रसातला उजेड दुसऱ्या झाडाच्या सालीतल्या उजेडाने मोजायचा, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या इतक्या अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मला मात्र ती या सगळ्या इतिहासातली फार सुंदर गोष्ट वाटते.

२०१२ या एका वर्षात चीनमध्येही गवत, कलिंगडाची साल, सोयाबीनचे दूध असे एकामागून एक पदार्थ भांड्यात गेले. चांगचुनमध्ये शुपिंग सुन यांच्या गटाने पपनसाच्या सालीचे डॉट्स केले आणि त्यांच्या विझण्यावरून तळ्याच्या पाण्यातला पारा ओळखला, अगदी ०.२३ नॅनोमोलरपर्यंत. म्हणजे टाकाऊ सालीपासून बॉइलची जुनीच युक्ती साधली, फक्त आम्लाच्या जागी पारा आला. २०१५ साली रुडकी आयआयटीत अभय सचदेव आणि पी. गोपीनाथ यांनी कोथिंबिरीच्या पानांपासून डॉट्स केले. त्यांनी लोहाचे आयन ओळखले, पेशींची चित्रे घेतली आणि ऑक्सिडीकरणाला विरोध करण्याचा गुणही तपासला.

यानंतर मात्र पूर आला. भाजीमंडईत मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक गोष्टीचे डॉट्स झाले, आणि बहुतेक निबंधांचा निष्कर्ष एकच: निळी चमक, लोहाने विझते, पेशीला बाधत नाही. माझे मत असे की या पुरात विझण्याचा अर्थ हरवला. लोहाचे द्रावण स्वतःच अतिनील प्रकाश शोषते. तेव्हा डॉट्सपर्यंत प्रकाश कमी पोहोचला म्हणूनही ते मंद दिसू शकतात, लोहाने त्यांना स्पर्श केला नसला तरी. हा फरक तपासायचा तर चमक किती नॅनोसेकंद टिकते ते मोजावे लागते. क्लोराइडच्या धडकेने तो काळ आखूड होतो. नुसत्या सावलीने होत नाही. शिवाय परीक्षानळीतले लोह आणि पेशीतले लोह सारखे नाही. पेशीत ते बहुतांशी प्रथिनांना बांधलेले असते, आणि जे मोकळे फिरते ते मुख्यतः दुसऱ्या, कमी ऑक्सिडाइझ झालेल्या रूपात. नळीत विझलेल्या उजेडावरून पेशीतले लोह मोजले असे म्हणता येत नाही.

निळ्या रंगाचीही अडचण आहे. अतिनील प्रकाश टाकला की पेशी स्वतःच निळी चमकते, कारण तिच्यातल्या एनएडीएच या रेणूचा उजेड निळा असतो. तोच प्रकाश पेशीला इजाही करतो. म्हणून लाल चमकणारे डॉट्स हवेत, आणि हिरव्या पानांपासून तसे केल्याचे दावे आले. त्यांतल्या काहींचा लाल उजेड ६७० ते ६८० नॅनोमीटरच्या आसपास पडतो. मद्यार्कातल्या पानांच्या अर्कात क्लोरोफिल आणि त्याची मोडतोड झालेली रूपे नेमकी तिथेच चमकतात. ब्रूस्टरने १८३३ साली पाहिलेला लाल उजेड तोच. त्यामुळे असा निकाल वाचताना भांड्यात नवे काही झाले की जुने क्लोरोफिलच शिल्लक राहिले, हे आधी विचारावे लागते.

उजेड नेमका कशाचा, हा प्रश्न सर्वात प्रामाणिकपणे विचारला तो चीनमधल्या जिलिन विद्यापीठातल्या बाय यांग यांच्या गटाने, आणि तोही स्वतःलाच. २०१३ साली त्यांनी सायट्रिक आम्ल आणि एक अमाइन तापवून ८० टक्के क्वांटम यील्डचे डॉट्स केले, आणि त्या निबंधाचा जगभर गाजावाजा झाला. २०१५ साली त्याच गटाने त्या द्रवातून एक लहानसा रेणू वेगळा करून दाखवला. सायट्रिक आम्ल आणि अमाइन जोडले जाऊन तो बनतो, त्याचे संक्षिप्त नाव आयपीसीए, आणि त्या प्रखर निळ्या उजेडाचा मोठा वाटा त्याचाच. म्हणजे जो उजेड कणाचा म्हणून सांगितला जात होता तो बराचसा एका साध्या रेणूचा होता, काही कणाला चिकटलेला, काही मोकळा. हे उघड करण्यात त्या गटाचा काही तोटाच होणार होता. त्यांनी ते केले म्हणून या क्षेत्राला नीट पाय रोवता आले, असे मी मानतो.

आता चांगल्या प्रयोगशाळांत तयार झालेला द्रव आधी डायलिसिसच्या पिशवीत भरून पाण्यात टांगतात आणि बाहेरचे पाणी वारंवार बदलत राहतात. लहान रेणू पिशवीतून निसटून बाहेरच्या पाण्यात येतात, कण आत राहतात. पूर्वी बाहेरचे पाणी ओतून देत. आता तेही अतिनील दिव्याखाली धरून मोजतात, आणि ते आतल्या द्रवाहून जास्त चमकले तर पेशीत गेले ते कण होते की रेणू, याचा खुलासा करावा लागतो. संत्र्याच्या रसात सायट्रिक आम्ल भरपूर असते आणि अमिनो आम्लेही असतात, तेव्हा ही तपासणी राउरकेलाच्या त्या भांड्यालाही लागू पडते.